सभागृहातलं उत्तर वाचायचं कसं: पोलीस, गुन्हे आणि वाहतूक यांवरच्या प्रश्नोत्तरांची पहिली ओळख

अधिवेशन सुरू झालं की बातम्यांत घोषणा, फलक आणि सभात्याग दिसतात. त्याच दिवसांत सभागृहाच्या पटलावर छापील उत्तरांचे गठ्ठे येऊन पडत असतात, आणि ते फार थोडे लोक उघडून बघतात. लोकसभेत बैठकीच्या एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. विधानसभा आणि विधान परिषदेच्या याद्या वेगळ्या. आपल्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात किती पदं रिकामी आहेत, घाटातल्या त्या वळणावर काय काम मंजूर झालं, अमुक घोटाळ्यात दोषारोपपत्र दाखल झालं का, अशा गोष्टींवर सरकारनं सही-शिक्क्यानं काय सांगितलं ते या कागदांत असतं. भाषणातलं वाक्य मंत्री नंतर फिरवू शकतात. सभागृहात दिलेलं उत्तर तसं फिरवता येत नाही, आणि म्हणूनच ते वाचायला शिकणं मला महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवा. सरकार बांधलेलं असतं ते प्रश्नातल्या शब्दांपुरतंच; जे विचारलं नाही ते सांगायला नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

१. प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते बघा

तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात आणि त्यावर सदस्य उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं, तिथे उपप्रश्न नाही. तातडीच्या विषयासाठी अल्पसूचना प्रश्न असतो. प्रश्नोत्तराच्या तासात पाच-सहा तारांकित प्रश्नच चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी म्हणून पटलावर ठेवली जातात. त्यामुळे ‘प्रश्न तारांकित होता’ याचा अर्थ त्यावर चर्चा झालीच, असा नाही. चर्चा झाली का, ते त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तान्तात बघावं लागतं.

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२ असतो. राज्यसभेत २०१४ च्या नोव्हेंबरपासून तो दुपारी १२ ते १ झाला. खात्यांचे वार ठरलेले असतात. गेल्या काही वर्षांत गृह मंत्रालयाची पाळी लोकसभेत मंगळवारी आणि राज्यसभेत बुधवारी आली आहे, रेल्वेची लोकसभेत बुधवारी आणि राज्यसभेत शुक्रवारी, तर रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाची लोकसभेत गुरुवारी. हे वार बदलू शकतात, म्हणून अधिवेशनाचा तक्ता एकदा बघून घ्या. आपल्या राज्यात अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला.

२. विषय कोणाचा आहे ते आधी ठरवा

नवखा माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो इथे. ‘महाराष्ट्रात गुन्हे का वाढले?’ असं खासदारानं गृहमंत्र्यांना विचारलं की उत्तराची पहिली ओळ जवळजवळ पाठ असल्यासारखी येते: संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्याचे विषय आहेत. ही ओळ वाचून सरकार टाळतंय असं वाटतं, पण ती खरी आहे. राज्य सूचीतल्या पहिल्या दोन नोंदी याच आहेत. पोलीस ठाणं, तपास, बंदोबस्त, वाहतूक पोलीस यांचा जाब विधानसभेत आणि विधान परिषदेत मागायचा. याला ठळक अपवाद दिल्ली. तिथले पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहेत, त्यामुळे दिल्ली पोलिसांची बारीकसारीक माहितीसुद्धा संसदेत मिळते.

वाहतुकीची विभागणी जास्त गुंतागुंतीची आहे. रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाकडे. एसटी आणि आरटीओ परिवहन खात्याकडे, पण बेस्ट किंवा पीएमपी यांचा संबंध महापालिकांशी, म्हणून प्रश्न नगरविकास विभागाकडे जातो. मोटार वाहनं हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय; प्रत्यक्षात कायदा संसदेचा आणि अंमलबजावणी बहुतांशी राज्याची.

सगळ्यात जास्त घोळ रेल्वे स्थानकावर होतो. फलाटावर मोबाइल चोरीला गेला तर गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस, आणि ते राज्याच्या गृह खात्याचे. त्याच फलाटावर गस्त घालणारं रेल्वे सुरक्षा दल १९५७ च्या कायद्यानं उभं राहिलेलं, ते रेल्वे मंत्रालयाचं. फलाटाची उंची, पूल आणि दिवे रेल्वेचे. एकाच स्थानकातल्या महिला सुरक्षेबद्दल पूर्ण चित्र हवं असेल तर एक उत्तर विधानसभेतून आणि एक संसदेतून शोधावं लागतं, आणि दोन्ही शेजारी ठेवावी लागतात. हे कष्टाचं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

३. उत्तर शोधा

संसदेची उत्तरं डिजिटल संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत मिळतात. मंत्रालय, सदस्याचं नाव, तारीख किंवा विषयाचा शब्द टाकून शोधता येतं. राज्याच्या तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. शोधताना बोलीतला शब्द चालत नाही, सरकारी शब्द लागतो: ‘अॅक्सिडेंट झोन’ऐवजी ‘अपघातप्रवण स्थळ’ किंवा ‘ब्लॅक स्पॉट’, ‘पोलिसांची कमतरता’ऐवजी ‘रिक्त पदे’. उत्तर सापडलं की सभागृह, प्रश्न क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा. या तीन गोष्टींशिवाय ते उत्तर पुढे कुणालाही दाखवता येत नाही.

४. प्रश्नाचे भाग आणि उत्तराचे भाग समोरासमोर ठेवा

विधानसभेतल्या प्रश्नाची घडण ठरलेली असते. सुरुवात ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी. मग पहिला भाग: अमुक ठिकाणी अमुक प्रकार माहे अमुक मध्ये निदर्शनास आला, हे खरे आहे काय. मधले एक-दोन भाग तपशिलाचे. मग: असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व तद्नुसार कोणती कार्यवाही केली. आणि शेवटी: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर त्याच क्रमानं येतं. पहिल्या भागाला ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. शेवटच्याला बहुतेक वेळा ‘प्रश्न उद्भवत नाही’.

आता पेन घ्या आणि प्रश्नाच्या प्रत्येक भागासमोर खूण करा. उत्तर पूर्ण, अर्धं की गायब? ‘हे खरे नाही’ दिसलं तर प्रश्नाचं वाक्य पुन्हा शब्दशः वाचा. समजा प्रश्नात ‘मार्च महिन्यात तीन दरोडे पडले’ असं आहे. प्रत्यक्षात दोन दरोडे आणि एक जबरी चोरी झाली असेल, किंवा तिसरा दरोडा १ एप्रिलला पहाटे पडला असेल, तर ‘हे खरे नाही’ हे उत्तर कागदोपत्री बरोबर ठरतं. दरोड्याला कायद्यानं पाच किंवा अधिक माणसं लागतात, चार असतील तर ती जबरी चोरी. प्रश्नातला एक शब्द सैल राहिला की उत्तराला निसटायला जागा मिळते. म्हणूनच ‘अंशतः खरे आहे’ या उत्तरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कोणता अंश खरा आणि कोणता नाही, हे पुढच्या ओळींतून शोधून काढावं लागतं, आणि बातमी बहुतेक वेळा तिथेच असते.

संसदेत आणखी एक पद्धत आहे. प्रश्नाचे चार-पाच भाग असतात आणि उत्तर सगळ्यांना मिळून एकच, ‘क ते ङ’ असं एकत्र बांधलेलं. मग योजनेची माहिती, दिलेले सल्ले, हेल्पलाइनचा क्रमांक अशी दोन पानं येतात आणि ‘ग’ भागात विचारलेला जिल्हानिहाय आकडा कुठेच नसतो. लांबलचक उत्तर बघून समाधान मानू नका. खुणा करत गेलात तर रिकामी जागा लगेच दिसते.

५. ठरावीक वाक्यांचा अर्थ लावा

‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य सापडलं तर जपून ठेवा. संसदेत याला आश्वासन मानतात. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ ही वाक्यंही त्याच गटातली. ती पूर्ण झाली का, हे बघायला लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे, आणि आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती काम करते.

‘अशी आकडेवारी केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ हे वाचून नवखे निराश होतात. मला ते उत्तर उपयोगी वाटतं. सरकार एखादी गोष्ट मोजतच नाही, ही लेखी कबुली आहे, आणि आता तोच प्रश्न राज्यात विचारायचा हेही त्यातून कळतं. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हटलं की कोर्टासमोर नेमका कोणता मुद्दा आहे ते बघा. आरोपीवरचा खटला कोर्टात असला तरी त्या ठाण्यात किती अधिकारी आहेत, हा प्रश्न विचारायला आडकाठी नाही.

६. आकडा वाचण्याआधी त्याची व्याख्या वाचा

गुन्ह्यांचे आकडे बहुतेक वेळा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातून येतात. तो अहवाल नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या गुन्ह्यांचा नव्हे. तक्रार घेणं सोपं झालं की आकडा वाढतो, घेणं टाळलं की घटतो. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात, म्हणजे बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो. अहवालही उशिरा येतो: २०१७ सालचा २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आला, २०२२ चा २०२३ च्या डिसेंबरमध्ये. त्यामुळे उत्तरातलं ‘गेली तीन वर्षे’ म्हणजे कोणती तीन, ते तक्त्याच्या वरच्या ओळीत तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून त्याआधीचा आणि नंतरचा तक्ता जोडताना कलमापेक्षा गुन्ह्याच्या नावानं जोडा.

दोषसिद्धीच्या प्रमाणात तर मोठे मोठे वाचक फसतात. हे प्रमाण काढताना ज्या खटल्यांची सुनावणी त्या वर्षात संपली तेवढेच छेदात धरतात. वर्षानुवर्षं पडून असलेले खटले त्यात येतच नाहीत. दोषसिद्धी वाढली असं उत्तर आलं की शेजारी प्रलंबित खटल्यांचा आकडा मागा.

कोठडीतल्या मृत्यूंसाठी गृह मंत्रालय अनेकदा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडची माहिती देतं, आणि ती एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षाची असते. गुन्हे नोंद विभागाचे आकडे जानेवारी ते डिसेंबरचे. हे दोन आकडे एका तक्त्यात कधीही बसवू नका.

रस्त्यांवरच्या मृत्यूंचे दोन सरकारी आकडे आहेत. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात त्याच वर्षीचे रस्ते अपघातातले मृत्यू सुमारे १ लाख ७१ हजार आहेत. दोन्ही अधिकृत. उत्तरात कोणता वापरला ते टिपा आणि तुलना करताना शेवटपर्यंत तोच धरा.

रेल्वेच्या बाबतीत तर व्याख्येनं सगळं चित्रच पालटतं. गंभीर परिणाम झालेले गाड्यांचे अपघात २०१४-१५ मधल्या १३५ वरून २०२४-२५ मध्ये ३१ वर आले, असं रेल्वे मंत्रालय संसदेत सांगतं. ही सुधारणा खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. पण यात टकरी, गाडी रुळांवरून घसरणं, आग असे गाड्यांचे अपघात येतात. चालत्या लोकलमधून पडलेला किंवा रूळ ओलांडताना धडक बसलेला माणूस यात नाही. गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात रेल्वेशी निगडित मृत्यू २० हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य असेच पडून किंवा धडक बसून झालेले. लोकलनं रोज जाणाऱ्यानं ‘रेल्वे अपघात घटले’ हे वाक्य वाचताना आपण त्या रकान्यात आहोत का, हे आधी बघावं.

७. आपला प्रश्न लोकप्रतिनिधीकडे न्या

प्रश्न विचारायचा अधिकार सदस्याचा, पण तो लिहून द्यायला तुम्हाला कुणी अडवत नाही. चांगला मसुदा मिळाला तर बरेच आमदार आणि खासदार तो आनंदानं घेतात. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य आहेत, म्हणजे तुमच्या भागाच्या आमदारांशिवाय पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे आमदारही आहेत. राज्यातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात. मंत्री झालेल्या सदस्याला मात्र प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे तुमचे आमदार मंत्री असतील तर दुसरं दार ठोठवा.

वेळ सांभाळा. संसदेत किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. लोकसभेत एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न यादीत येतात, त्यांत तारांकित एकच, आणि क्रम सोडतीनं ठरतो. अधिवेशन सुरू झाल्यावर मसुदा घेऊन गेलात तर बहुधा उशीर झालेला असतो. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच भेटा.

मसुदा कसा असावा? समजा गावाजवळच्या राष्ट्रीय महामार्गावरच्या एका वळणावर सारखे अपघात होतात. ‘या वळणावर एवढे बळी जाऊनही सरकार झोपले आहे काय?’ हा प्रश्न सचिवालयातच गळतो. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्नात युक्तिवाद, उपरोध, आरोप किंवा मतप्रदर्शन चालत नाही, आणि तो साधारण १५० शब्दांत बसावा लागतो. मनातला राग खरा असतो, पण उत्तर मिळवायचं तर तो आकड्यांत आणि तारखांत उतरवावा लागतो.

त्यासाठी मंत्रालयाची स्वतःची व्याख्या हाताशी घ्या. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा ब्लॅक स्पॉट ठरतो तो असा: तीन कॅलेंडर वर्षांत तिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात, नाहीतर एकूण दहा मृत्यू. पोलीस ठाण्यातून किंवा माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्या तुकड्यावरचे तीन वर्षांचे गुन्हे मिळवा. माहिती अधिकारात साधारण ३० दिवस जातात, तेवढे आधीच धरून चाला. मग प्रश्न असा लिहा:

‘(क) अमुक राष्ट्रीय महामार्गावर कि.मी. अमुक ते अमुक या भागात गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत वर्षनिहाय किती अपघात व मृत्यू झाले. (ख) हा भाग ब्लॅक स्पॉट म्हणून नोंदला आहे काय, असल्यास कोणत्या तारखेपासून. (ग) तेथे कोणत्या तात्पुरत्या व कोणत्या कायमस्वरूपी उपाययोजना मंजूर आहेत व प्रत्येकीचा मंजूर खर्च किती. (घ) कायमस्वरूपी काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल?’

‘तात्पुरत्या’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे शब्द वेगळे टाकायलाच हवेत. ते एकत्र विचारले तर फलक आणि रंगाचे पट्टे मारून ‘उपाययोजना केली’ असं उत्तर येतं, आणि ते चुकीचंही नसतं. शब्द वेगळे केले की पूल किंवा भुयारी मार्ग अजून कागदावरच आहे, हे सांगावंच लागतं.

पोलिसांबद्दलही असंच. ‘मनुष्यबळ पुरेसे आहे काय’ हे विचारू नका, त्याला ‘होय’ म्हणता येतं. अमुक तारखेला अमुक ठाण्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यांपैकी प्रतिनियुक्तीवर आणि बंदोबस्ताला कायम बाहेर किती, असं विचारा. ई-चलनाबद्दल विचारताना आकारलेली रक्कम आणि वसूल झालेली रक्कम वेगवेगळी मागा.

मसुद्यासोबत बातमीचं कात्रण, अर्जाची पोच आणि एफआयआर क्रमांक जोडा. मात्र पीडित व्यक्तीचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील प्रश्नात टाकू नका. यादी छापली जाते आणि कायमची राहते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

८. उत्तर आल्यावर

तारांकित प्रश्न चर्चेला आला तर उपप्रश्नासाठी सदस्याकडे दोन ओळींची चिठ्ठी आधीच देऊन ठेवा: कोणती तारीख, कोणती रक्कम, कोणता अधिकारी जबाबदार. उत्तर अपुरं वाटलं तर लोकसभेत नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना देता येते. ती चर्चा सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ठेवली जाते. विधानसभेतही अर्धा तास चर्चा आहे, आणि तातडीच्या विषयाला लक्षवेधी सूचना आहे. मंत्र्यांचं विधान वस्तुस्थितीला सोडून असेल तर लोकसभेचे सदस्य अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ती चूक लेखी दाखवून देऊ शकतात. त्यासाठी तुमच्या हाती पुरावा हवा, नुसती शंका चालत नाही.

आश्वासन मिळालं असेल तर उत्तराच्या तारखेपासून तीन महिने मोजा. त्या दिवशी काही झालं नसेल तर प्रश्न क्रमांक घालून सदस्यांना पत्र द्या आणि त्याची प्रत आश्वासन समितीच्या सचिवालयाला पाठवा. तोवर पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झालेली असेल. मसुद्यातला ‘घ’ भाग पहिला घ्या, आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि दिनांक त्यात लिहा, आणि विचारा: त्या उत्तरात दिलेल्या तारखेपर्यंत काम पूर्ण झाले आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?